अण्णांचं ‘बराबर हाये’

माझे वडील माझ्याशी खोटं बोलून गेले.

आज वर्ष झालं.

आदल्या संध्याकाळी मी हिंगोलीहून गावी, कुरुंद्याला फोन केला होता.
“अण्णा, तब्येत कशीये?”
“बराबर हाये बाई. हळद शिजवून राहिलो.”

छातीत दोन दिवसांपासून दुखत होतं. पोरीला सांगायचं न्हाई, असा आईला दमच दिला होता.
सकाळी वसमतच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं.

राग आला. अजून येतो.
पण कोणत्या तोंडाने भांडू?

त्याच्या आदल्या वर्षी माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. मी अण्णांना पंधरा दिवस पत्ता लागू दिला नव्हता. दवाखान्याच्या बेडवर पडून फोनवर सांगायचे, “बराबर आहे अण्णा. शाळेत आहे.”

कळलं तशी अण्णा पहिली एसटी धरून आले. चप्पलसुद्धा काढली नाही, दारातच विचारलं.
“काहून सांगितलं न्हाई?”
“तुम्हाला उगं तकलीफ.”
तेव्हा कुठे अण्णांनी चप्पल काढली. मग म्हणाले, “माझ्यावरच गेलीस.”
त्यात कौतुक नव्हतं.

मी इंग्रजी शिकवते. परवा नववीला एक इडियम होती, ‘अ चिप ऑफ द ओल्ड ब्लॉक’.
मुलांना सांगितलं, मोठ्या लाकडाचा ढलपा. म्हणजे स्वभावाने हुबेहूब आईबापावर गेलेलं लेकरू. बहुतेक वेळा कौतुकाने म्हणतात. आपल्याकडे म्हणतात ना, खाण तशी माती.
“मॅडम, वाक्यात उपयोग?”
खडू घेऊन फळ्याकडे वळले आणि तशीच उभी राहिले. वाक्य सुचत होतं, लिहवत नव्हतं.

अण्णा शिजलेल्या हळकुंडात काडी टोचून बघायचे. “वरून न्हाई कळत बाई,” म्हणायचे.
त्यांच्या ‘बराबर’वर मी मात्र दर वेळी विश्वास ठेवला. मला तेच सोयीचं होतं. हे लिहिताना लाज वाटते.

सकाळपासून मैत्रिणींचे मेसेज येतायत, कशी आहेस?
सवयीने ‘बरी आहे’ टाइप केलं. मग खोडलं.

अण्णा, मी बराबर न्हाई.
तुम्हाला हे सांगायला मला वर्ष लागलं.

नमस्कार करते.
तुमची बाई