टाकीत एकदाच बुडवायचं

आमच्या दुकानात लोक गाडीचा पार्ट ठेवून जातात आणि पार्ट नेताना एखादा किस्सा मागे टाकून जातात. पार्टला टोकन असतं, किस्स्याला नसतं. त्यामुळे किस्से नुसते साचतात. चार लिहून काढावेत म्हटलं, तेवढीच जागा होईल!

दुकान महाडला, हायवेच्या सर्व्हिस रोडवर. काम असं: टाकीतल्या कोमट पाण्यावर नक्षीची पातळ फिल्म सोडायची, तिच्यावर केमिकल फवारायचं. फिल्म विरघळते आणि नक्षी सायीसारखी पाण्यावर तरंगत राहते. त्यात आरशाचं कव्हर नाहीतर डॅशबोर्डची पट्टी हळूच बुडवायची. नक्षी पार्टच्या अंगाला घट्ट बसून वर येते. हात हलला की संपलं, सगळं घासून पहिल्यापासून!

बुडवतो माझा नवरा, संदेश. आधीचा रंग आणि शेवटचं लॅकर मारतात आमचे पेंटर नाना. त्यांचं आयुष्य ट्रक रंगवण्यात गेलंय. मी बीएस्सी केमिस्ट्री, म्हणून फोन उचलते आणि नक्षी नको तिथे पार्टला मास्किंग टेप लावते. मला खरं तर बुडवायचं होतं. पण "तुझा हात थरथरतो" हे संदेशचं ठरलेलं वाक्य. मुलगी झाल्यापासून मी कुकरच्या शिट्टीलाही दचकते, तेव्हा तो अगदीच खोटं बोलत होता असंही नाही.

* * *

नानांनी टाकी पहिल्यांदा बघितली तो दिवस. संदेशनं मोठ्या ऐटीत एक कव्हर बुडवून दाखवलं. नाना कमरेवर हात ठेवून बघत होते.

"कसं वाटलं, नाना?"

"बरं हाय. पन ह्ये रंगकाम नाय, आंगोळ हाय! मी नाय हात लावनार."

तेव्हापासून नाना टाकीकडे पाठ करूनच स्प्रे मारतात.

* * *

कार्बन फायबरची नक्षी सगळ्यात जास्त खपते. काळ्यावर करडी, विणल्यासारखी. मुंबईला नोकरी करणारा एक जण नव्या गाडीची दोन्ही आरशाची कव्हरं तशी करून घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी वडलांना सोबत घेऊन हजर! म्हातारबाबा पोलादपूरच्या वरच्या अंगाचे, शेतकरी. त्यांनी कव्हरावरनं बोट फिरवलं आणि मला विचारलं, "बाय, ह्याचे पैसे घेतलेस तू?"

"हो बाबा. का?"

"सुपाची वीन हाय ही! घरात चार सुपं पडलीत, ह्येला सांगितलं असतंस तर दोन आरशांला बांदली असती!"

मुलगा तोपर्यंत गाडीत जाऊन बसला होता. काचा वर करून.

* * *

केमिकलच्या वासामुळे मुलीला मी दुकानात आणत नाही. ती सासूबाईंकडे असते आणि मी दर तासाला फोन करते. जेवली का, झोपली का, शिंकली तर नाही? एकदा दुपारपर्यंत माझे सहा फोन झाले. सातव्याला सासूबाई "हॅलो"सुद्धा म्हणाल्या नाहीत.

"आहे तशीच आहे गं. रंग उडालेला नाही तिचा!"

* * *

टाकीचा थर्मामीटर एकदा बंद पडला. पाणी फार गार असेल तर फिल्म नीट उघडत नाही, फार गरम असेल तर फाटते. संदेश बोट बुडवून नुसताच विचार करत होता. मी बाही वर केली आणि कोपर घातलं पाण्यात. मुलीच्या आंघोळीचं पाणी मी असंच बघते. "दोन मिनिटं हीटर चालू ठेव," म्हटलं. फिल्म झकास उघडली!

समोर एक गिऱ्हाईक बसलं होतं. "मॅडम, पार्टला सर्दी होते का हो?"

उत्तर नानांनी दिलं, मान न वळवता. "व्हते तर! मंग सालपटं निघत्यात."

* * *

कोपराच्या जोरावर मी हट्टच धरला. संदेशनं एक तुटकं कव्हर दिलं, "कर ट्राय." फिल्म सुंदर पसरली. मधोमध हवेचा एक बारीक बुडबुडा दिसला आणि मी काय करावं? वाकून फुंकर मारली! वरणभातावर मारते तशी, गाल फुगवून. नक्षी सरसर टाकीच्या कडेला जाऊन गोळा झाली.

नाना त्या दिवशी नेमके वळून बघत होते. "गो सूनबाय, त्येला भरवायचं नाय, बुडवायचं हाय!"

त्यानंतर दोन महिने माझ्याकडे पुन्हा मास्किंग टेप.

* * *

आणि मग गणपतीच्या दोन दिवस आधीची गोष्ट. मोरे म्हणून एक जण मुंबईहून गावी आलेले. गाडी दुकानाबाहेर, डॅशबोर्डची पट्टी काढून आत आणलेली. ती संध्याकाळपर्यंत बुडवली तरच रात्रीत लॅकर वाळणार, उद्या बसणार आणि परवा त्या गाडीतून मूर्ती घरी जाणार. त्या नक्षीची फिल्मही एवढ्याच पट्टीपुरती उरलेली. आणि संदेश कशेडी घाटात अडकलेला! खेडहून येताना पुढे ट्रक आडवा झालेला.

मी फोन केला, स्पीकरवर टाकून. "नानांना बुडवू दे," तो म्हणाला.

"मी नाय," नाना लांबूनच म्हणाले.

"मग थांब. मी येईपर्यंत कशालाच हात लावू नकोस. तुझा हात..."

नानांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि बंद केला. पट्टी माझ्या पुढ्यात ठेवली.

"बुडव."

फिल्म सोडली. केमिकल फवारलं. नक्षी उघडली. पुढचं मला सांगता येणार नाही.

संदेश आला तेव्हा मोरे बाहेर गाडीपाशी फोनवर होते आणि पट्टी स्टँडवर निथळत होती. त्यानं ती कडेला धरून उजेडात तीनदा फिरवली. एक रेघ हललेली नव्हती.

"नाना! शेवटी लावलात ना हात?"

"मी नाय रे बाबा. मी भिंतीकडं त्वांड करून हुबा व्हतो. माज्यानं बगवंना!"

संदेश माझ्याकडे वळला. "म्हणजे तू? अगं, पण हात कसा नाही हलला? बघत कुठे होतीस?"

"कुठेच नाही," मी म्हटलं. "मी डोळे मिटले होते."