बाळापूरची गृहभेट

हे मी कोणाजवळच बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, अमरावतीला लेकीकडे राहायला आले, तिच्याजवळही नाही. नातवंडांना माझ्या सगळ्या लबाड्या पाठ आहेत – ही सोडून. तुम्हाला सांगते. मध्येच उठून जाऊ नका म्हणजे झालं.

अकोल्याला महिलांच्या मदत केंद्रात मी समुपदेशक होते. वय पंचावन्न, आणि तोरा काय विचारता! केंद्रात सॉफ्टवेअर आलं. प्रत्येक बाईची केस त्यात भरायची, घरी भेट दिली की नोंद करायची; नोंद राहिली की त्या केसपुढे लाल ठिपका. बाकीच्या माऊसला हात लावायला भ्यायच्या. मी दोन दिवसांत शिकले आणि सगळ्यांना शिकवत सुटले. तसली दीडशहाणी आज दारात आली, तर मी तिला पाणीसुद्धा विचारणार नाही.

कोणी कुठे जायचं ते आम्ही आपसांत ठरवायचो. त्या मे महिन्यात बाळापूर मी घेतलं. तिथली सुनंदा – नवरा मारायचा. समजूत घालून तिला परत पाठवलं होतं, आम्हीच. तिचं कसं चाललंय ते पाहून यायचं, एवढंच काम. आणि मी काय केलं? गच्चीवर कुरड्या घातल्या. हो, कुरड्या! ऊन फार होतं, म्हणे. कुरड्या घालायला नव्हतं वाटतं?

ठिपका लाल झाला. तो घालवायला बसले – तीनदा पासवर्ड चुकला, माझं खातं बंद. शेजारच्या टेबलावरची वंदना, कंत्राटावरची, माझ्या लेकीच्या वयाची, म्हणाली, "काकू, माह्यावरून टाका न." तिच्या नावावर मी लिहिलं – गृहभेट दिली, परिस्थिती समाधानकारक. तिने वाचलंही नाही. काहून वाचेल? काकूंनी लिहिलं होतं ना!

पंधरा दिवसांनी सुनंदा आली. हात मोडलेला, गळ्यात बांधलेला. "कोणीच आलं नाही, मॅडम. मी वाट पाहून राहिली होती."

वरून चौकशीला साहेब आले. स्क्रीनवर वंदनाचं नाव. "मशीन खोटं बोलत नाही," म्हणाले. अरे, मशीनला काय कळतं! खोटं बोलणारी तुझ्यासमोर खुर्चीत बसली होती.

वंदना माझ्याकडे वळली. "काकू, तुमीच सांगा न."

आणि मी – अख्ख्या केंद्राला कॉम्प्युटर शिकवणारी मी – पदर सावरला, चष्मा पुसला. म्हटलं, "मले काय समजते बापा त्यातलं? मले तं ते चालू बी करता येत नाही."

साहेबांनी मान डोलावली. पिकल्या केसांवर कोण संशय घेतो? ज्यांना मी शिकवलं होतं त्या खाली पाहत राहिल्या – माझी लाज त्यांना वाटली, मला नाही.

वंदनाला त्याच आठवड्यात काढलं. पुढे तिचं काय झालं, मी विचारलं नाही. हिंमत झाली नाही असं म्हणू? तीही लबाडीच. मला कळून घ्यायचंच नव्हतं.

हात बरा झाल्यावर सुनंदा केसचे कागद न्यायला आली. त्याच हाताने तिने माझा हात धरला. "त्या खोटारडीले काढलं, लय बरं झालं. तुमच्यासारखी बाई आली असती तं माहा हात मोडला नसता."

मी म्हटलं, "हो."