बेबीनंदाची बोलती बाई

केदारखेड्याची बेबीनंदा मोठी जिद्दीची, आणि ही जिद्द तिच्या मायचीच. सगुणाबाईचे कान ऐन तारुण्यात तापानं गेले, पण समोरच्याच्या ओठांवरून ती बोलणं असं बराबर उचलायची, की तिच्यादेखत कुजबुजत चुगली करायची कुणाची टाप नव्हती. फक्त टीव्हीतली कार्टूनची चित्रं तिला मुकीच. त्यांच्या ओठांना ना शेंडा ना बुडखा.

दोन हजार तीन साली बेबीनंदा जुन्या जालन्यात अमृतलाल शेटच्या कॉम्प्युटर क्लासात शिकवायला लागली. तिथं तिनं पडद्यावर एक लुगड्यातली बाई काढली आणि आवाज भरला की बाईचे ओठ आपोआप हलतील असा प्रोग्राम लिहिला. शेट खूश झाला. बेबीनंदानं हौसेनं मायला आणून दाखवलं.

"ही तं नुसती रवंथ करून राह्यली," सगुणाबाई म्हणाली.

लागलं पोरीला. पण माय बोलली ते खरंच होतं. आवाज चढला की तोंड उघडायचं, उतरला की मिटायचं, एवढंच त्या बाईला येत होतं. जगाला चाललं असतं हो असलं! पण मायलाच कळत नसेल तर मंग ती बाई काय चाटायची? बेबीनंदा आरसा घेऊन बसली. 'प'ला, 'म'ला ओठ मिटतात, 'ऊ'ला गोल होतात, असा एकेक आकार तिनं काढला. आता आवाजासोबत वाक्य टाइप केलं, की प्रोग्राम अक्षर बघून आपणच ओठ लावायचा. ह्यात वर्ष गेलं.

मंग तिनं मायला पुन्हा क्लासात आणलं, संगं तिचे आबा भुजंगरावही आले. आवाज बंद केला. पडद्यावरची बाई बोलली, "भुजंगरावांच्या लेकीनं मला बोलायला शिकवलं."

"काय म्हणाली, वैनी?" शेटनं विचारलं.

सगुणाबाईनं ओठ उघडले आणि मिटले. पदर पुढं ओढून खाली बघत बसली.

"जाऊ दे बेटा," शेट म्हणाला, "बिलकुल कळलं न्हाई त्यांना."

 बेबीनंदानं मायची हनुवटी वर केली. "माय, न्हाई कळलं का गं?"

"कळलं की समदं," सगुणाबाई लाजून म्हणाली. "पन पयलंच नाव ह्यांचं हाय. चारचौघांत मी कसं घेऊ?"

भुजंगराव भिंतीकडं तोंड करून हसले. बेबीनंदाचे डोळे भरून आले, आणि छाती अभिमानानं फुगली.

"ह्यांच्या लेकीनं मला बोलायला शिकवलं, असं म्हनली ती," सगुणाबाईनं शेटला ठणकावून सांगितलं. "लाव गं पुन्हा."