खिशातला रोटर

मी संशयी माणूस आहे. घराला कुलूप लावलं की तीनदा ओढून बघतो आणि गेटपर्यंत जाऊन चौथ्यांदा बघायला परत येतो. तुळिंजला भाड्याने राहत होतो तेव्हा माझी मोटरसायकल भरदिवसा इमारतीखालून गेली, तेव्हापासून हे वाढलं. दुधाने तोंड पोळलेला ताक फुंकून पितो. मी पाणीही फुंकून पिऊ लागलो. बायको यावर हसते. तिने खुशाल हसावं.

म्हणूनच बहुधा बाबांनी गाडी माझ्या हवाली केली. क्रीम रंगाची, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी, गिअरचा दांडा स्टीअरिंगला आणि पुढची सीट बाकासारखी सलग. बाबा शाळामास्तर. एका डॉक्टरांकडून त्यांनी ती जुनी विकत घेतली, आणि आमच्या उमेळ्यातल्या कितीतरी नवऱ्या मुली त्या गाडीतून मांडवापर्यंत गेल्या. हॉस्पिटलात शेवटच्या आठवड्यात ते जमिनीबद्दल, पेन्शनबद्दल काही बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "गाडी जाऊ देऊ नकोस." मी हो म्हणालो. त्यांना आधी दिलेले बरेच शब्द मी पाळले नव्हते. हा एक तरी पाळायचा होता.

गाडी राखण्याची त्यांची स्वतःची पद्धत होती. गाडी उभी केली की बॉनेट उघडायचं, डिस्ट्रिब्यूटरचं झाकण काढायचं आणि आतला रोटर, अंगठ्याएवढा काळा तुकडा, शर्टाच्या खिशात टाकायचा. तो नसला की इंजिनाला ठिणगी मिळत नाही, मग चोर कितीही हुशार असो. कळंबच्या किनाऱ्यावर दहा मिनिटं उतरायचं असलं तरी आधी हा विधी, आणि आम्ही पोरं वाळूत पाय नाचवत उभी. "रोटर खिशात असला की गाडी कुठे जात नाही," असं ते म्हणायचे. त्यांचे सगळे शर्ट खिशापाशी काळपट झालेले असत, आणि धुताना आई त्यावरून त्यांना बोलायची.

गाडीची शेड आमच्या वाडीच्या टोकाला होती. तिथे पूर्वी आमचं बावखल होतं, म्हणजे पावसाचं पाणी साठवून उन्हाळाभर बागेला पुरवायचा मोठा खड्डा. मी त्यातच पोहायला शिकलो. पुढे बोअरिंग आली, केळी गेली, आजूबाजूला इमारती उठल्या, आणि बाबांनी चारचौघांसारखंच बावखल पाडकामाच्या राडारोड्याने बुजवलं. वर सिमेंटचा कोबा, कोब्यावर पत्र्याची शेड. आमच्या बागेत जन्म काढलेले शेजारचे काका तेव्हा म्हणाले होते की निदान पाण्याला एक नारळ द्या, सांगून तरी बुजवा. बाबा शाळेत विज्ञान शिकवायचे. ते हसले आणि ट्रकवाल्याला पुढे यायची खूण केली.

बाबा गेल्यावर महिन्याभरात जवळच्या गावांतून दोन जुन्या गाड्या गेल्याचं कानावर आलं. कोणी म्हणे सुट्या भागांसाठी, कोणी म्हणे शूटिंगवाल्यांसाठी. मी कामाला लागलो. रोटर आता माझ्या खिशात आला. स्टीअरिंगला लोखंडी दांडा लावला, बॅटरीला लपवलेला स्विच, सीटखाली ट्रॅकर. गाडी जराशी हलली की माझ्या फोनवर सूचना येणार. शेडला दोन कुलपं. एवढ्याने समाधान होईना, तेव्हा गाडीच्या पोटाखाली कोब्यात जाड लोखंडी कडी बसवून घेतली आणि मागच्या ॲक्सलमधून साखळी काढून गाडी तिला जखडली. ती साखळी बघून मला फार बरं वाटलं होतं, हे मी कबूल करतो.

आईला मात्र हे आवडलं नाही. ती रोज दुपारी तीनच्या सुमारास, चहाच्या आधी, शेडमध्ये जाऊन गाडीत तिच्या बाजूला, डावीकडे बसायची. काय करतेस विचारलं तर म्हणायची, बसते. पण ती दार नीट लोटत नसे, आणि किल्ली कुलपालाच विसरायची. एकदा शेड संध्याकाळपर्यंत उघडी राहिलेली पाहिली आणि मी तिच्याकडची किल्ली काढून घेतली. ती भांडली नाही. "तुझ्या बाबांनी मला कधी बाहेर ठेवलं नव्हतं," एवढंच म्हणाली. मला वाईट वाटलं, पण किल्ली मी दिली नाही.

पुढच्याच आठवड्यात पहिली सूचना आली. मी ऑफिसात होतो, तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. फोनवर दोनच शब्द: वाहन हलले. आईला फोन करून बघायला पाठवलं, तर दोन्ही कुलपं जागच्या जागी. संध्याकाळी येऊन शेड उघडली. गाडी होती, साखळी होती, दांडा होता. मी आत बसलो आणि आरशात पाहिलं. गाडी तोंड आत करून उभी असायची, त्यामुळे आरशात नेहमी मागचं शेडचं दार दिसायचं. त्या दिवशी छताचे पत्रे दिसले. कोणीतरी इथे बसून आरसा हलवलाय, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तीन वाजता. या वेळी गाडीचं एक दार उघडं सापडलं. डावीकडचं, आईच्या बाजूचं. पुढच्या टायरांना ओला चिखल होता, आणि दिवस होते मार्चचे. मी नारळ उतरवायला येणाऱ्या माणसाचं वाडीत येणंच बंद केलं. तो बिचारा वीस वर्षं येत होता. चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच.

मग कॅमेरा लावला. तीन दिवसांचं चित्रण पळवून पाहिलं. कोणी आलं नव्हतं, मांजरसुद्धा नाही. पण त्या पळत्या चित्रात गाडी हळूहळू मान खाली घालत होती. आधी मी स्वतःला समजावलं की पुढच्या चाकांची हवा गेली असेल. हवा तपासली. चारही चाकांत भरपूर होती.

तेव्हा मी काकांना बोलावलं. ते गाडीकडे बघेनात. उकिडवे बसले, कोब्यावर तळहात टेकला आणि मलाही टेकायला लावला. कोबा गार होता. खालून, थांबून थांबून, कोणीतरी घोट घेत असल्यासारखा आवाज येत होता.

"ह्यो चोर नाय," काका म्हणाले. "पानी परत आलंय. गाडी काढ हितनं, आजच काढ."

मला त्यांचं पटलं. भीतीही वाटली. पण गाडी काढून ठेवायची कुठे? रस्त्यावर, उघड्यावर, त्या दोन गाड्या गेल्यानंतर? ओळखीच्या एकांची गेटवाली जागा रविवारी मोकळी होणार होती. चार दिवसांचा तर प्रश्न होता. माझ्यासारखा माणूस अशा वेळी काय करतो, तर मी साखळी आणखी आवळली.

शनिवारी मी घरीच होतो. आई चहाचं आधण ठेवत होती. फोन वाजला: वाहन हलले. मग लगेच पुन्हा, आणि पुन्हा. बाहेर मोठा आवाज असा झालाच नाही. विहिरीत हंडा सोडावा तसा काहीतरी बुडाल्याचा आवाज आला. मी धावत गेलो. दोन्ही कुलपं शाबूत होती. ती एकामागून एक उघडली.

दार उघडलं तेव्हा आत जमीन नव्हती. हिरवट पाणी होतं, संथ फिरणारं, आणि त्याला माझ्या पोहायच्या दिवसांचा वास होता. गाडीची मागची बाजू अजून वर दिसत होती. मागची चाकं काठाला अडकली होती आणि कदाचित तशीच राहिली असती. पण कडी बसवलेला कोब्याचा तुकडा खाली सुटला होता, साखळी ताठ झाली होती, आणि तो तुकडा गाडीला घेऊन चालला होता. मी बांधलेल्या साखळीनेच. मला काहीच करता आलं नाही. छप्पर गेलं, मग बुडबुडे आले.

इंजिनिअरने नंतर कारण सांगितलं. शेजारच्या इमारतीच्या पायातलं पाणी उपसणारा पंप दुपारी बंद करतात, पाणी मागे फिरतं आणि भराव वाहून जातो. असेलही. तसा तो पंप वर्षभर चालू होता.

आई माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. तीन वाजून गेले होते. किल्ली तिच्याकडे असती तर ती आत्ता कुठे असती, हे दोघांनाही कळत होतं. मी तिचं मनगट घट्ट धरलं.

"मी रोज बसायचे," ती पाण्याकडे बघत म्हणाली, "तेव्हा ती कधी हलली नाही."

तिच्या आवाजात राग नव्हता. माझा हात सवयीने खिशाकडे गेला. रोटर तिथेच होता, कोरडा. मी तो बाहेर काढला आणि काय करावं न कळून तसाच धरून राहिलो. आईने हात पुढे करून रोटर घेतला, ती वाकली आणि तिने तो अलगद पाण्यात सोडला.

"लागेल तुझ्या बाबांना," ती म्हणाली, आणि आधण आटून जाईल म्हणून घरात गेली.