अल्माझची जन्मतारीख

आमच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लंचरूम एवढीशी आणि मायक्रोवेव्ह एकच. डबा गरम व्हायची वाट बघत उभं राहायचं म्हणजे बोलणं आलंच. इथे लंडनमध्ये, म्हणजे ओंटारिओतल्या लंडनमध्ये, इतकी वर्षं काढल्यावर माझ्याकडे किस्स्यांचा ढीग झालाय. बरेचसे हसण्यावारी नेण्याचे. अल्माझचे मात्र तसे नाहीत.

अल्माझ इथिओपियाची, माझ्या शेजारच्या बेंचवर काम करते. तिचा भाऊ विद्यार्थी चळवळीत होता. त्याला उचलून नेलं, मग पोलीस हिला शोधत आले. ती पळाली, कॅनडात येऊन आश्रय मागितला, आणि तो मिळाला.

*

ती नुसती पीआर होती, म्हणजे कायम राहायची परवानगी होती पण नागरिकत्व नव्हतं, तेव्हा तिचे वडील गेले. त्या वर्षी मी नागपूरला दोनदा जाऊन आले होते, एकदा तर फक्त भाच्याच्या मुंजीसाठी. मी सहज विचारलं, तू का नाही जात? तिने शांतपणे सांगितलं, की ज्या देशातून पळून आलो तिथे परत गेलं, तर इथलं सरकार म्हणू शकतं, आता तुला धोका नाही. मग आश्रयही जातो आणि पीआरही.

वडिलांचा अंत्यविधी तिने पार्किंगमध्ये गाडीत बसून फोनवर बघितला. नंतर आत येऊन शिफ्ट पूर्ण केली. मला त्या दिवशी डबा गेला नाही.

*

सिटिझनशिप मिळाली तेव्हा आम्ही केक आणला. अल्माझ कधी मोठ्याने बोलत नाही, पण त्या दिवशी म्हणाली, "आता मला इथून कुणी हलवू शकत नाही."

काही वर्षांनी नोटीस आली. आश्रयाच्या अर्जात तिचं जन्मवर्ष एक, नागरिकत्वाच्या अर्जात दुसरं. खोटी माहिती देऊन नागरिकत्व घेतलं असेल तर ते काढून घेता येतं, तेव्हा खुलासा करा.

खुलासा काय, तर इथिओपियाचं कॅलेंडर आपल्यापेक्षा सात-आठ वर्षं मागे चालतं. आश्रय मागताना तिने तिकडच्या हिशेबाने वर्ष सांगितलं, दुभाष्याने ते तसंच लिहून टाकलं. पुढे शाळेचा दाखला हाती आला, तेव्हा तिने स्वतःहून ते दुरुस्त केलं होतं. आपल्याकडच्या माणसाने पासपोर्टवर शके लिहावं आणि साहेबाने त्याला लबाड म्हणावं, तसा प्रकार!

*

आता माझं ऐका. माझी जन्मतारीख एक जून. माझी, माझ्या भावाची आणि आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांचीही. शाळेत नाव घालताना काटोलच्या मास्तरांनी सगळ्यांना तीच दिली. आई म्हणते, माझा जन्म पोळ्याच्या आसपासचा. त्याच तारखेवर मी व्हिसा घेतला, पीआर घेतली, सिटिझनशिप घेतली. आजवर एका माणसाने विचारलेलं नाही. मी शिक्षण-नोकरीच्या पॉइंट्सवर आले ना, आश्रय मागून थोडीच!

*

हे मी गणपतीच्या जेवणात सांगितलं, तर माझ्या नवऱ्याचे मित्र श्रीकांत, पुण्याचे, आयटीतले, वाढून घेताघेता म्हणाले, "वहिनी, आपण लायनीत उभे राहून आलो. या लोकांचं चेक व्हायलाच पाहिजे."

मी विचारलं, तुमच्यामागे पोलीस लागले असते तर कुठल्या लायनीत उभे राहिला असता? त्यांनी मठ्ठा मागितला.

*

आमचा सुपरवायझर ब्रायन तसा भला माणूस. त्यानेही धीर द्यायला म्हणून तिला सांगितलं, की लपवण्यासारखं काही नसेल तर घाबरायचं कशाला?

अल्माझ म्हणाली, "ब्रायन, मी या देशात लपायलाच आले होते."

*

चौकशी वर्षभराहून जास्त चालली. देशाबाहेर पाऊल टाकायची तिची छाती होईना. नैरोबीत आईला भेटायचं ठरलं होतं, ते तिकीट तिने रद्द केलं. इथिओपियात जाणं नव्या पासपोर्टवरही तिला सुरक्षित वाटत नव्हतं, म्हणून नातेवाईक म्हातारीला नैरोबीपर्यंत आणणार होते. फोन वाजला की ती हातातलं काम खाली ठेवायची. मग एक दिवस उत्तर आलं: प्रकरण बंद. एवढंच. आमची चूक झाली असं नाही, तुम्हाला त्रास झाला असं नाही, साधं सॉरी नाही.

शेवटी ती नैरोबीला गेली. आई बरीच वाकली होती, एका कानाने ऐकू येत नव्हतं, पण भेटली. दोघी दोन आठवडे एका खोलीत राहिल्या.

परतताना टोरोंटोच्या विमानतळावर ती पासपोर्ट हातात धरूनच लायनीत उभी राहिली. काउंटरवर एक तरुण ऑफिसर होती. तिने पासपोर्ट बघितला, परत दिला आणि हसून म्हणाली, "वेलकम होम."

अल्माझ जागची हलली नाही. मागे लाइन खोळंबली. ऑफिसरने विचारलं, आणखी काही हवंय का?

"हो," अल्माझ म्हणाली. "हे लिहून मिळेल?"