बारा एकरांचा दहन प्रकल्प

आमच्या गावात त्या भट्टीला सुरुवातीला जो जोरदार पाठिंबा मिळाला, तो माझ्यामुळे. हे मी आता उघड सांगते; तेव्हा बरेच दिवस कुणाला कळू दिलं नव्हतं.

कनेरगाव नाक्यावरून आमच्या गावाकडे रस्ता वळतो, त्या रस्त्याला लागूनच आमचं घर. लग्न होऊन इथं आले तेव्हा मी बी.ए. होते आणि कॉम्प्युटरचा कोर्स केलेला होता. दोन वर्षं नुसत्या भाकरी थापल्यावर सासूबाईच म्हणाल्या, "शिकलीस ते काय चुलीत घालायला?" मग ओसरीला शटर लावलं आणि झेरॉक्स-टायपिंगचं दुकान सुरू केलं. पीकविम्याचे फॉर्म, जातीचे दाखले, लग्नपत्रिकेचा मजकूर, भावाभावांतल्या भांडणाचे अर्ज, सगळं माझ्याच हाताखालून जातं.

एके दिवशी सकाळी ग्रामसेवक घाईघाईनं आले. मोबाईलवर एक इंग्रजी पत्र होतं.

"ताई, याची मराठीत नोटीस करून द्या. आजच बोर्डावर लागली पाहिजे. विशेष ग्रामसभा आहे."

मी पत्र वाचलं. आसपासच्या शहरांतला कचरा आणून जाळायचा एक मोठा कारखाना आमच्या गायरानावर उभा राहणार होता, आणि त्याला बारा एकर जागा हवी होती. मी सरळ टाईप केलं, 'कचरा जाळण्याची भट्टी'. ग्रामसेवकांनी तोंड वाकडं केलं.

"भट्टी नको ताई. दारूची वाटते. जरा सरकारी शब्द टाका."

मी थोडा विचार केला आणि लिहिलं, 'घनकचरा दहन प्रकल्प'. ते खूश झाले. पण मथळा मोठ्या अक्षरात पाहिजे होता आणि एका ओळीत बसत नव्हता. मी 'घनकचरा' खाली मजकुरात बारीक अक्षरात ढकलला. वर राहिलं, 'नियोजित दहन प्रकल्प'. ठळक, मधोमध, खाली रेघ. मला तर ते फार देखणं वाटलं होतं.

आता आमच्या गावाची एक गोष्ट सांगायला हवी. गावाला स्मशानशेड नाही. म्हणजे स्मशानं तीन आहेत: गावाचं वेगळं, आमच्या बौद्ध वस्तीचं वेगळं, आणि धनगरवाड्याचं ओढ्यापलीकडे तिसरं. शेड मात्र एकावरही नाही. पावसाळ्यात कुणी गेलं की चार माणसं चितेवर पत्रे धरून उभी राहतात आणि पाचवा दुःख करायचं सोडून त्यांना शिव्या घालतो, की पत्रा नीट धर. शेडसाठी किती अर्ज गेले ते मलाच माहीत, कारण ते मीच टाईप केलेत.

त्यामुळे बोर्डावरचं 'दहन' वाचून गावानं जो अर्थ काढायचा तो काढला. बारीक अक्षरं कोण वाचतो?

दुपारी सासूबाई दळण घेऊन आल्या त्या हसतच. "झालं बाई एकदाचं. स्मशान मंजूर झालं."

मी की-बोर्डवरून मान वर केली नाही.

"आन सगळ्यांचं एकच हाय म्हणं. आमी, पाटील, धनगर, सगळे एकाच शेडात. मेल्यावर का व्हयना, सुधारला गाव."

मला तेव्हाच बोलता आलं असतं. पण गिऱ्हाईक उभं होतं, आणि खरं सांगायचं तर मी घाबरले होते. म्हटलं, ग्रामसभेत समजावून सांगतीलच.

ग्रामसभेत कुणी काहीच समजावून सांगितलं नाही. कंपनीचा माणूस आलाच नव्हता. सरपंच उठून एवढंच म्हणाले, "दहन प्रकल्पाची नोटीस सगळ्यांनी वाचलीच आहे. ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करा." शाळेच्या व्हरांड्यात एकही हात खाली राहिला नाही. तिन्ही वस्त्यांचं एकमत झालेलं मी तरी पहिल्यांदा पाहिलं. एक पार वाकलेले आजोबा काठी टेकत उठले आणि म्हणाले, "लवकर करा रे बाबांनो. माझ्या हयातीत झालं त बरं. उद्घाटनाला मीच येतो." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सरपंचांचे डोळे भरून आले. त्यांना बिचाऱ्यांना प्रकल्प काय आहे ते पक्कं माहीत होतं. विरोध होणार म्हणून ते चार दिवस जेवले नव्हते. "माझं गाव एवढं समजदार असंल असं वाटलं न्हवतं," असं ते माईकवरच बोलून गेले. आजोबांना स्वतःच्या उद्घाटनाची एवढी घाई का, हा प्रश्न त्यांना कसा पडला नाही, देव जाणे.

आठवडाभरानं धनगरवाड्यातले एक मामा दुकानात आले. मामा म्हणजे नात्यातले नव्हेत. सासऱ्यांच्या वयाचे, म्हणून मी मामा म्हणते. त्यांची मेंढरं गायरानावर चरतात. घोंगडी बाकावर ठेवून ते बसले, पाणी प्यायले आणि शांतपणे म्हणाले,

"माय, एक इचारू का? मडं जाळायला बारा एकर काहून लागती?"

मी प्रिंटरमधले कागद सारखे करायला घेतले.

"मोजणीवाले खुंट्या ठोकून राहिले गायरानात. म्या इचारलं, त म्हणले रोज वीस-पंचवीस ट्रक येतील. आता तूच सांग, रोज पंचवीस ट्रक माणसं मरणार कुठून?"

मग मला सांगावंच लागलं. मी नोटिशीची फाईल उघडली आणि बारीक अक्षरातला मजकूर वाचून दाखवला. मामांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हंजे आमी हात वर करकरून शहराचा कचरा बोलावला?"

"व्हय मामा."

"आन हे 'दहन' कोणी लिव्हलं?"

"वरूनच तसं आलं होतं," मी म्हणाले. आयुष्यात मी फार खोटं बोललेली नाही, पण ते मात्र एकदम सफाईनं बोलले.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. गंमत म्हणजे लोकांना कचऱ्याचा राग नंतर आला. आधी राग आला स्मशान गेल्याचा. ते वाकलेले आजोबा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

मग माझ्या दुकानात गर्दी सुरू झाली. सकाळी विरोधवाले येऊन तहसीलला द्यायचं निवेदन टाईप करून घेत. दुपारी सरपंच येऊन त्याच तहसीलला पाठिंब्याचं निवेदन टाईप करून घेत. दोन्हीकडचे मला बजावत, "ताई, त्यांनी काय लिहिलं ते सांगू नका, पण आमचं त्याच्यापेक्षा कडक झालं पाहिजे." मी दोघांनाही 'तीव्र' हा शब्द दिला. एकाची तीव्र नाराजी, दुसऱ्याची तीव्र इच्छा.

रात्री भाकरी करता करता मी सासूबाईंना सगळं सांगून टाकलं. त्या तव्यावरची भाकरी उलटायचं विसरल्या. मग करपल्याचा वास आला तशी ती उचलून माझ्याच ताटात टाकली.

"आपण लेखणीनं वर आलेली माणसं," त्या म्हणाल्या. "आन तू लेखणीनंच गाव खड्ड्यात घातलंस. आता निस्तर."

पुन्हा ग्रामसभा भरली. या वेळी व्हरांडा पुरला नाही, माणसं मैदानात बसली. कंपनीचा अधिकारी आला होता. तरुण, इस्त्रीचा शर्ट, कपाळावर घामाचे थेंब. त्यानं लॅपटॉपवर हिरव्यागार झाडांतली कारखान्याची एक पांढरी चिमणी दाखवली. उन्हात पडद्यावर काही दिसत नव्हतं, तरी पुढच्या रांगेतले लोक डोळ्यांवर हात धरून बघत होते.

"यातून धूर निघत नाही," तो म्हणाला. "निघते ती जवळजवळ वाफच असते."

बायकांतून एकजण उठली. "साहेब, हळद शिजिवताना निघती तीबी वाफच असती. शेजारणीनं लुगडं वाळत घातलं की पिवळं होतं. आमी हळद अंगणात उघड्यावर वाळत घालतो. तुमची वाफ तिच्यावर बसली, त आमची हळद कोण्या रंगाची व्हईल?"

अधिकाऱ्यानं वहीत काहीतरी लिहून घेतलं.

मामा उठले. "चिमणी किती उंच?"

"खूप उंच, बाबा. धूर... म्हणजे वाफ, एकदम वर निघून जाते."

"बराबर. वर जाती. पण नवरदेवबी घोड्यावर चढतो, त उतरतो कुठं ना कुठं. ही कुठं उतरती?"

मैदान हसून हसून लोळलं. सरपंच मात्र चिडले. ते उठले आणि म्हणाले, "हसा! पण एक सांगा, रोज संध्याकाळी उकिरड्यावर पिशव्या, बाटल्या, टायर कोण जाळतं? तवा कोण इचारतं धूर कुठं उतरतो म्हणून?"

एकेक मान खाली गेली. कारण ते खरं होतं. दुकानामागं टोनरचे रिकामे डबे आणि प्लास्टिकची वेष्टनं मीही पेटवत होते. मान खाली घालणाऱ्यांत मी पहिली.

मामांनी खांद्यावरची घोंगडी सारखी केली. मग म्हणाले, "चुकतंच आमचं. पर सरपंच, घरात एक बिडी वढणारा हाय म्हणून सगळ्या तालुक्यानं आमच्या घरी चिलीम वढायला यावं का?"

यावर सरपंचांनी शेवटचा पत्ता काढला. मागच्या ठरावाचा कागद त्यांनी वर धरला. "तुमीच हात वर केले! एकमतानं! ह्या आजोबांनी त उद्घाटन मागितलं!"

"आमी स्मशानाला हात वर केले!" दहाजण एकदम ओरडले.

"नोटिशीत स्मशान कुठंय? दाखवा मला, कुठंय स्मशान?"

सासूबाईंनी माझ्या दंडाला असा चिमटा काढला, की मी उभी राहिले ते ठरवून नव्हे. पण उभी राहिल्यावर सगळे माझ्याकडेच बघायला लागले. माईक कुणीतरी हातात दिला.

मी सांगितलं. भट्टी कशी खोडली, दहन कसं लिहिलं, घनकचरा ओळीत बसत नव्हता म्हणून खाली कसा ढकलला. "चूक माझी आहे. लोकांना फसवायचं नव्हतं. मला फक्त मथळा एका ओळीत पाहिजे होता," एवढं बोलले आणि माईक खाली ठेवला. समोर ग्रामसेवक आकाशाकडे बघत होते.

कुणी रागावेल, दुकानावर बहिष्कार टाकेल, असं मनात येत होतं. पण आधी त्या वाकलेल्या आजोबांच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. लोकांना वाटलं त्यांना काही होतंय. ते हसत होते. "एका वळीसाठी!" ते म्हणाले, "पोरीनं एका वळीसाठी मला भट्टीचं उद्घाटन करायला लावलं!" मग जो हशा झाला, त्यात तो इस्त्रीवाला अधिकारीही सामील झाला.

हसले नाहीत ते एकटे सरपंच. हातातल्या ठरावाकडे बघत ते हळूच म्हणाले, "म्हंजे त्या दिवशीच्या टाळ्या..." आणि खाली बसले. मला त्यांचं फार वाईट वाटलं. रोजगार येईल, रस्ता होईल असं त्यांना मनापासून वाटत होतं, आणि गावानं एकदाच त्यांना डोक्यावर घेतलं होतं, तेही चुकून.

ठराव रद्द झाला. नवा ठराव विरोधाचा झाला. त्याबरोबरच गावानं उकिरड्यावर प्लास्टिक जाळायचं नाही, असंही एक कलम सरपंचांनी हट्टानं घालायला लावलं. त्या कलमाला आम्ही विरोध करणार कोणत्या तोंडानं?

सभा संपल्यावर अधिकारी हजेरीपत्रकाची झेरॉक्स काढायला दुकानात आला. सासूबाईंनी त्याला चहा दिला. घरी आलेल्या माणसाला त्या विरोधातलाही असला तरी चहा देतात. चहा पिता पिता तो म्हणाला, "मॅडम, खरं सांगू का? आमच्या कॉलनीजवळपण एक असाच प्लांट येणार होता."

"मग?"

"मग काय. सोसायटीनं सह्यांची मोहीम काढली."

"तुम्ही केली सही?"

तो कपाकडे बघत म्हणाला, "बायकोनं केली. मी दौऱ्यावर होतो." मग कप खाली ठेवून म्हणाला, "आल्यावर केली."

चार-पाच महिन्यांनी पत्र आलं, की सदर जागेचा प्रस्ताव तूर्त स्थगित. दुसऱ्या जागेची पाहणी सुरू आहे. गावात पेढे वाटले गेले. मी एक खाल्ला, पण गोड लागला नाही फारसा. ती दुसरी जागा म्हणजे दुसरं कुणाचं तरी गायरान, आणि तिथंही कुठल्यातरी दुकानात कुणीतरी नोटीस टाईप करत बसलं असेल. मी मामांना तसं बोलून दाखवलं.

"गाव कोणतं ते कळलं का?"

"न्हाई मामा. पत्रात नाव न्हाई."

उन्हाळ्यात मामा मेंढरं घेऊन वाशिमकडच्या अंगाला निघाले. दरवर्षी निघतात, रान मिळेल तिथं मेंढरं बसवायची, पुढं सरकायचं. निघताना दुकानाशी थांबले. बाहेर रस्ताभर मेंढरं, दोन्हीकडून मोटारसायकली हॉर्न वाजवताहेत, आणि मामा आपले निवांत.

"आपल्या ठरावाची एक झेरॉक्स दे," ते म्हणाले. "वाटेत गावंच गावं लागतात. कुठं खुंट्या ठोकलेल्या दिसल्या, त दाखवीन."

मी झेरॉक्स काढली. त्यांनी ती बघितली आणि परत माझ्या हातात दिली.

"लॅमिनेशन कर माय. पावसाच्या आत काही परत येत न्हाई मी."