गुणमालाकाकूंचा फोन हळू झाला तेव्हा

त्या दिवशी वीज पहाटेच गेली होती. मागच्या गल्लीतल्या लेथची घरघर नव्हती, त्यामुळे कुपवाडातलं ते घर कधी नव्हे इतकं गप्प होतं. गुणमालाकाकू घागरीच्या तोंडाला गाळणं बांधून पाणी ओतत होत्या. पुढच्या खोलीत जयपालकाका खिडकीशी खुर्ची ओढून पेपर वाचत होते आणि आत ऐकू जाईल अशा आवाजात बातम्या सांगत होते. हळदीचा भाव चढला, वसगड्याच्या कुणा पाटलाची मुलगी मोठ्या परीक्षेत पास झाली. लग्न झाल्यापासून काकूंना पेपर असा कानानंच वाचायची सवय.

घागर भरली. काकूंनी गॅसचं बटण बघितलं. बंद होतं. बाहेरच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत आल्या, थांबल्या, परत आत गेल्या आणि पुन्हा बघितलं. जयपालकाकांनी पेपराच्या वरून एकदा नजर टाकली आणि मान पुन्हा पेपरात घातली. पूर्वी ते म्हणायचे, "अगं, बंदच आहे." आता म्हणत नसत.

तेवढ्यात दारावर थाप पडली.

"आवं काकू, हायसा का घरात? बेल वाजंना तुमची."

मोबाईल दुरुस्तीवाला जोतीराम होता. मूळचा साताऱ्याच्या मेढ्याकडचा. फौजेत सिग्नलमध्ये होता, पेन्शन घेऊन आला आणि बायकोचं माहेर सांगली म्हणून इकडेच स्थिरावला. एमआयडीसीच्या रस्त्यावर त्याचं दुकान. बोलणं अजून डोंगरातलं, आणि चालणं परेडचं. पण आज तो चपला काढून दारातच घुटमळत उभा होता.

"ये की आत," जयपालकाका म्हणाले. "सकाळी सकाळी दुकान सोडून? का आता घरोघरी फिरून फोन विकायला लागलास?"

"न्हाई वो काका. काकूंकडं काम हुतं." तो खुर्चीच्या अगदी कडेला टेकला. "काकू, तुमचा त्यो जुना फोन हाय का? का दिला कुनाला?"

"कपाटात आहे. कोण घेणार तो?" काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. "चहा टाकते."

"चहा ऱ्हाऊ द्या. बसा जरा. त्या फोनचंच बोलायचं हाय."

फोनचं नाव निघाल्यावर काकूंचा चेहरा मिटला. बसल्या, पण भिंतीला टेकून, लांब.

त्या फोनचं काय झालं होतं ते त्या घरात कुणी आता बोलत नसे.

फोन त्यांच्या मुलानं, अतिशयनं, पुण्याहून आणून दिला होता. भारीतला. काकू बी.ए. झालेल्या, हिशेबी, हुशार बाई. आठवड्याभरात सगळं शिकल्या. मंदिरात चातुर्मासाला मुनिमहाराज असले की चौक्याचं सगळं पाहणं काकूंकडे असायचं, ते त्यांनी फोनवर आणलं. दिगंबर मुनी दिवसातून एकदाच आहार घेतात, उभ्यानं, ओंजळीत. ओंजळ सुटली की त्या दिवसाचं संपलं, मग दुसऱ्या दिवसापर्यंत पाण्याचा थेंबसुद्धा नाही. त्यांच्यासाठी घराघरांत सोवळ्यानं स्वयंपाक मांडतात, तो चौका. महाराज कुठल्या दारी थांबतील ते आधी कुणालाच माहीत नसतं. म्हणून पथ्यपाण्याचं जे काय असेल ते आदल्या दिवशीच सगळ्या घरांना कळलेलं असावं लागतं. ते कळवायचं काम काकूंचं. संध्याकाळी, दिवस मावळायच्या आत जेवण उरकलं की त्या ओसरीत बसून ग्रुपवर मेसेज टाकायच्या. "उद्या महाराजांना मीठ वर्ज्य." "उद्या हिरवी भाजी नको." आणि खाली सगळ्या बायकांचे जोडलेले हात.

मग एका संध्याकाळी फोननं विचारलं, अपडेट करू का? काकूंनी "हो" दाबलं. घरी आलेल्यानं काही मागितलं तर नाही म्हणायचा त्यांचा स्वभावच नव्हता.

त्यानंतर फोन बदलला. अक्षर दाबलं की उमटायला वेळ. उमटलं नाही म्हणून पुन्हा दाबावं, तर दोन्ही उमटायची. एकीला फोन लावायला जावं तर यादी मागाहून सरकायची आणि भलतीलाच लागायचा. "अक्का, आज मला चारदा फोन? काय माझ्या घरीच चौका मांडताय का रोज?" चौका मांडणाऱ्या बायकांपैकी राजमती ग्रुपवर गमतीनं म्हणाली, आणि बायका हसल्या. काकूही हसल्या. अतिशय पुण्याहून म्हणाला, "आई, तू घाईघाईनं दाबत बसतेस. एकदा दाब आणि थांब ना." काकू एकदा दाबून थांबायला लागल्या. तरी व्हायचं तेच.

दुसरं कुणी असतं तर फोनला शिव्या घातल्या असत्या. काकूंनी शंका स्वतःवर घेतली, त्याला कारण होतं. त्यांच्या सासूबाई शेवटी सगळं विसरल्या होत्या. त्याची सुरुवात अशीच झाली होती. आमटीत दोनदा मीठ, एकच निरोप तीनतीनदा, मग ओगराळं गादीखाली, आणि मग जेवून उठल्यावर, "सूनबाई, मला आज वाढलं नाहीस गं?" सासूबाईंचं सगळं काकूंनी केलं होतं. ती वाट कुठून सुरू होते आणि कुठं जाते, हे त्यांना पाठ होतं.

त्या वर्षीचे थोरले महाराज वृद्ध होते, छातीत कफ. आश्विनातल्या एका संध्याकाळी वैद्यांनी निरोप दिला, उद्यापासून ताक बंद, आधी कोमट पाण्यातून औषध द्यायचं. काकूंनी लिहिलं. पाठवलं. निदान त्यांना तसं आठवत होतं. फोनवर चक्र फिरत राहिलं, म्हणून त्यांनी तो उशाशी ठेवला.

सकाळी महाराज राजमतीच्या दारी थांबले. तिला काहीच माहीत नव्हतं. तिनं पहिलं ताकच ओंजळीत घातलं. महाराजांना ठसका लागला, अंग हललं, ओंजळ सुटली. आहार संपला. महाराज शांतपणे मंदिराकडे परत गेले. बाहेर ऑक्टोबरचं ऊन असं की रस्त्यावरचं डांबर पायाला चटके देत होतं. दुसऱ्या दिवशी त्यांना ताप भरला.

ओंजळ सुटली त्याच सकाळी मंदिराच्या मंडपात राजमती रडत होती. "मला कसं कळणार? अक्कांना विचारा. मेसेज टाकला म्हणतात!"

"टाकला होता गं," म्हणत काकूंनी दाखवायला फोन काढला. पडदा पांढरा झाला आणि तसाच राहिला. सगळ्या बायका बघत होत्या. फोन काही उघडेना. कुणी हसलं नाही. एका म्हातारीनं काकूंच्या पाठीवरून हात फिरवला, आणि तो हात त्यांना सगळ्यात जड गेला.

मेसेज ग्रुपवर आला तो त्याच दिवशी दुपारी. म्हणजे संध्याकाळी अडकलेला दुपारी सुटला, की सकाळी मंडपात भांबावून त्यांनीच पुन्हा दाबला, हे काकूंना आजपर्यंत सांगता आलेलं नव्हतं.

त्यांनी सगळं सोडलं. पथ्यपाण्याचं राजमतीकडे गेलं. पण काकूंनी स्वतःच्या घरचा चौकाही बंद केला, ते जयपालकाकांना फार लागलं. दारात आलेल्या महाराजांना देणाऱ्यानं म्हणायचं असतं, मनशुद्धी, वचनशुद्धी, कायशुद्धी, आहारजल शुद्ध आहे. काकू म्हणाल्या, "वचनशुद्धी कुठल्या तोंडानं म्हणू? मी काय बोलते, काय केलं, याचाच भरवसा नाही."

अतिशय येऊन त्यांना मिरजेला डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी आज वार कोणता विचारला, घड्याळ काढायला लावलं, शब्द पाठ करून घेतले. सगळं बरोबर आलं. डॉक्टर म्हणाले, काही नाही, वयाप्रमाणे आहे. परतताना काकू गाडीत एवढंच म्हणाल्या, "सासूबाईंनाही सुरुवातीला सगळं आलं होतं."

महाराज चातुर्मास संपल्यावर पायी विहार करत कर्नाटकाकडे गेले. निघाले तेव्हा काकू गर्दीत मागे, खांबाआड उभ्या राहिल्या. पुढे जाऊन नमोस्तु म्हणायचं धाडस झालं नाही. पौषात तिकडेच महाराजांची समाधी झाली. वय झालंच होतं, असं सगळे म्हणाले.

आणि आज जोतीराम समोर बसून सांगत होता.

"काकू, त्यो फोन तुमच्यामुळं हळू न्हवता झाला. कंपनीनंच केलता. बॅटरी जुनी झाली की फोन मधीच बंद पडायचा. ते दिसू न्हाई म्हनून त्यांनी अपडेटमधनं फोनचा वेगच कमी करून टाकला. आतल्या आत. कुनाला इचारलं न्हाई, सांगितलं न्हाई."

जयपालकाकांनी पेपर खाली ठेवला. "म्हणजे फोन म्हातारा झाला, आणि आम्ही दवाखान्यात हिला नेलं?"

"तसंच झालं म्हना. आता बोभाटा झाल्यावर कबूल केलंय. माफी मागितलीया."

"कुणाची?"

"सगळ्यांची. वेबसाइटवर."

"आमच्याकडे नाही पोचली," जयपालकाका म्हणाले.

काकूंनी विचारलं, "कंपनीला कधीपासून माहीत होतं?"

"पयल्यापासनं. त्यांनीच केलं न्हवं."

"आणि तुला?"

जोतीराम जमिनीकडे बघत म्हणाला, "तुमी तीनदा दुकानात आलात. तवा मला खरंच म्हाईत न्हवतं. पडदा बघितला, चार्जिंग बघितलं, ठीक हुतं. पन तिसऱ्या येळंला तुमी मला इचारलंसा, 'खरं सांग जोतीराम, फोनचं काही नाही ना?' मी म्हनलो, फोन ठनठनीत हाय काकू. तुमचं त्वांड बघितलं मी तवा. मग दिवाळी झाल्यावर ही बातमी वाचली. लगेच तुमची आठवन झाली."

"दिवाळी होऊन किती दिवस झाले रे," जयपालकाका म्हणाले. बाहेर उन्हाळा लागला होता.

"व्हय. काय सांगू काका. रोज मानसं यायची, फोन हळू झालाय, नवा दाखवा. मी नवा दाखवायचो. बॅटरी बदला, जुनाच पळंल, असं कुनाला म्हनलो न्हाई. कंपनी गप बसली, तसा मी पन गप बसलो. काल माझ्या आईनं गावाकडनं फोन केला. म्हनली, 'जोती, ह्यो फोन लय हळू झालाय, का मीच खुळी झालीया?' रातभर डोळं मिटलं न्हाईत मग."

आतल्या खोलीकडे काकूंचं लक्ष गेलं. गॅस. त्या उठायला लागल्या आणि पुन्हा बसल्या. जयपालकाकांनी ते पाहिलं, आणि त्यांना वाटलं होतं की आता ही हसेल, रडेल, निदान एक मोठा श्वास सोडेल. तसं काहीच झालं नाही. एवढे दिवस ज्या बाईनं स्वतःवर पहारा ठेवला, तिला एका सकाळीत पहारा कसा उठवता येणार?

"मग मी मेसेज टाकला होता?" काकूंनी विचारलं. आवाज अगदी लहान होता. "त्या संध्याकाळी. टाकला होता ना मी?"

जोतीरामला हो म्हणणं सोपं होतं. जयपालकाका त्याच्याकडे असे बघत होते की त्यानं हो म्हणावंच.

"टाकला असंल काकू. फोन अडकून बसला असंल, बॅटरी उतरली असंल, आन चालू झाल्यावर गेला असंल. व्हतं तसं. पन छातीवर हात ठिऊन मी सांगू शकत न्हाई. आता ते कुनालाच सांगता याचं न्हाई."

काकूंनी मान हलवली. त्यांना ते उत्तर आधीच माहीत असावं.

"मी बॅटरी घालून देतो, काकू. माझ्याकडनं. न्हाईतर नवा फोन घ्या, ह्या कंपनीचा नको, दुसरा देतो. कायबी सांगा. तुमी म्हनाल ते करतो."

"फोन नको मला," काकू म्हणाल्या. "बॅटरी पण नको."

"मग?"

काकू उठून उभ्या राहिल्या. पदर सारखा केला. नवऱ्याकडे बघितलं नाही, जोतीरामकडेच बघितलं.

"रविवारी पूजा झाली की मंदिरात सगळ्या बायका थांबतात. राजमती असते. तू तिथं ये. मी सांगितलं तर कुणाला खरं वाटायचं नाही, म्हणून तू सांग. फोन हळू झाला होता, आणि तो कंपनीनं केला होता. तेवढंच सांग. गुणमालाकाकूंनी मेसेज टाकलाच होता, असं मात्र म्हणू नकोस. ते तुला माहीत नाही."